प्रयोगशाळेत मॅलाकाइट तयार करताना

मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात धुण्याचा सोडा (सोडियम कार्बोनेट) घातला की निळसर-हिरवा साका खाली बसतो, हे शाळेत अनेकांनी पाहिलेलं असतं. मॅलाकाइट हे तांब्याचं हिरवं खनिज, आणि तो साकाही तांब्याच्याच कार्बोनेटचा. म्हणून "मला मॅलाकाइट तयार करायचंय" असं म्हटल्यावर बहुतेकांनी "त्यात काय एवढं?" असंच विचारलं. प्रत्यक्षात जानेवारीत ठरवलेलं काम जूनमध्ये बाटलीत भरून झालं. रासायनिक क्रिया त्यातल्या एका दुपारची. बाकीचा सगळा काळ आखणीत, परवानग्यांत, धुण्यात आणि तपासणीच्या रांगेत गेला. कोणी याच वाटेनं निघणार असेल तर त्या बाकीच्या काळात काय काय असतं हे आधी कळलेलं बरं, म्हणून सगळं क्रमानं लिहिते.

मी जुन्या चित्रांच्या जतनाचं काम शिकते आहे. तांब्याची हिरवी रंगद्रव्यं ओलावा, प्रकाश आणि वेगवेगळी बंधकं (रंग पृष्ठभागाला धरून ठेवणारी डिंक, तेल अशी द्रव्यं) यांच्यापुढे कशी वागतात हे पाहण्यासाठी नमुना-फलक करायचे होते. खनिज दळून केलेलं मॅलाकाइट विकत मिळतं, पण खाणीतून आलेल्या दगडात सोबत आणखी काय काय असतं हे प्रत्येक वेळी तपासावं लागतं. मला घटक नक्की माहीत असलेलं, आधीचा काहीही इतिहास नसलेलं द्रव्य हवं होतं. ते स्वतः करणं हाच सरळ मार्ग होता.

सुरुवातीला खरं तर मन निळ्यावर, म्हणजे अझुराइटवर होतं. अझुराइट आणि मॅलाकाइट ही दोन्ही तांब्याची आम्लारिधर्मी कार्बोनेटं. दोन्हींत तांबं, कार्बोनेट आणि हायड्रॉक्साइड हेच घटक, फक्त प्रमाण वेगळं. मॅलाकाइटमध्ये तांब्याच्या दोन अणूंमागे एक कार्बोनेट, अझुराइटमध्ये तीन अणूंमागे दोन. म्हणजे निळ्याला कार्बन डायऑक्साइड जास्त लागतो. हवेत तो जेमतेम ०.०४ टक्के असतो, आणि तेवढ्यात हिरवंच जास्त स्थिर. जुन्या चित्रांतलं निळं आकाश कुठे कुठे हिरवट झालेलं दिसतं, त्यामागचं एक कारण हेच. प्रयोगशाळेत निळं स्फटिकी अझुराइट हवं असेल तर बंद भांड्यात कार्बन डायऑक्साइडचा दाब टिकवून धरण्याचा मार्ग भरवशाचा. युरोपात सतराव्या-अठराव्या शतकांत चांदी शुद्ध करणारे कारागीर उरलेल्या कॉपर नायट्रेटच्या द्रावणात खडू घालून कृत्रिम निळा रंग करत. त्यांनाही तो दर वेळी साधत नसे, कधी हिरवाच हाती येई. ही हकीकत वाचल्यावर मी माझ्या मार्गदर्शक मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "दाबाचं भांडं म्हणजे वेगळी परवानगी, वेगळं प्रशिक्षण. आधी हिरवं नीट कर, मग निळ्याकडे बघू." मला ते पटलं. पहिल्यांदाच करणाऱ्या कोणालाही मी हेच सांगेन.

वाचनाचा महिना मात्र आनंदात गेला. जोसेफ प्रूस्त या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १७९९ मध्ये याच पदार्थावर काम करून दाखवून दिलं होतं की खाणीतलं तांब्याचं कार्बोनेट आणि प्रयोगशाळेत केलेलं, दोघांतलं घटकांचं प्रमाण सारखंच असतं. स्थिर प्रमाणाचा नियम आपण पाठ करतो, त्याच्या पायाशी हा हिरवा साका आहे. प्रूस्तच्या हिशेबात १०० भाग तांब्यापासून १८० भाग हिरवं कार्बोनेट मिळे. आजच्या अणुभारांनी तो आकडा १७४ च्या आसपास येतो. सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या तराजूवर इतकं जवळ पोहोचलेलं काम पाहून माझ्या कामालाही एक मोजपट्टी मिळाली.

फेब्रुवारीत आखणी कागदावर उतरवायला घेतली. २५ ग्रॅम मोरचूद, म्हणजे ०.१ मोल, हे माप धरलं. त्यापासून मॅलाकाइट जास्तीत जास्त ११ ग्रॅमच्या थोडं वर मिळू शकतं. माझ्या फलकांना तेवढं पुरेसं होतं, आणि काही बिघडलं तरी कचरा आटोक्यात राहणार होता. सोडियम कार्बोनेट नेमकं १०.६ ग्रॅम लागतं. मी थोडं जास्त, १२.७ ग्रॅम धरलं. खाण्याचा सोडाही चालतो, पण त्यात वायू बराच जास्त सुटतो. एवढ्याच मापाला साडेतीन लिटरच्या घरात कार्बन डायऑक्साइड, आणि फेस भांड्याबाहेर येण्याची शक्यता. धुण्याच्या सोड्यात हा वायू लिटरभरसुद्धा भरत नाही. त्यावर निवड झाली.

आखणीचा खरा गाभा मात्र मापांत नव्हता. कशात काय ओतायचं, हा प्रश्न मोठा होता. मोरचुदाच्या द्रावणात सोडा ओतत गेलं तर बराच वेळ द्रावण आम्लधर्मी राहतं आणि त्या अवस्थेत तांब्याचं आम्लारिधर्मी सल्फेट साक्यात उतरू शकतं. तेही हिरवंच असतं! नुसतं बघून कळत नाही. उलट, सोड्यात मोरचूद थेंबाथेंबानं सोडलं तर सामू (आम्लतेचं माप, pH) शेवटपर्यंत आम्लाच्या बाजूला जात नाही. पण तिकडेही एक कडा आहे. सुरुवातीला सामू ११ च्या वर असतो, आणि अशा द्रावणात उष्णता मिळाली तर साका काळा पडू लागतो, म्हणजे कॉपर ऑक्साइड तयार होतं. सोडा फारच जास्त घेतला तर सोडियम आणि तांबं दोन्ही असलेलं निळं दुहेरी कार्बोनेट बनू शकतं. म्हणून वहीत असं ठरवून लिहिलं: मिसळणं खोलीच्या तापमानाला, सोड्यात मोरचूद, सावकाश, सतत ढवळत, शेवटचा सामू ८ च्या आसपास, आणि सगळं मिसळून झाल्यावरच ऊब द्यायची, तीही ५० अंशांच्या आसपास, ७० च्या वर कधीच नाही. प्रत्येक आकड्यापुढे "का" याचं एक वाक्य लिहून ठेवलं. या सवयीचा पुढे अर्ज भरताना फार उपयोग झाला.

अर्ज मार्चच्या पहिल्या आठवड्यात दिला. ज्या प्रयोगशाळेत जागा मागितली होती तिथे बाहेरच्या माणसाला काम करायचं तर तीन कागद लागत: कामाचा आराखडा, प्रत्येक रसायनाची सुरक्षा-माहिती पत्रकं जोडलेला धोका-तपशील, आणि कचऱ्याचं नियोजन. पहिले दोन लवकर मार्गी लागले. मोरचूद पोटात गेल्यास घातक, डोळ्यांना गंभीर इजा करणारं आणि पाण्यातल्या जीवांना अतिशय विषारी. म्हणून चष्मा, हातमोजे, आणि कोरडी भुकटी हाताळताना मास्क. हे पत्रकात छापलेलंच असतं, तेवढं उतरवून पुरत नाही. आपल्या कामात नेमकी कुठल्या पायरीला भुकटी उडणार आहे हे लिहावं लागतं. माझ्याकडे ती पायरी शेवटची होती, वाळलेला साका खलण्याची. म्हणून तिथे "पाण्यात ओलं खलणार" असं लिहिलं.

तिसऱ्या कागदावरून अर्ज परत आला. सुरक्षा अधिकाऱ्यांनी पेन्सिलीनं एकच ओळ लिहिली होती: "धुण्याचं पाणी एकूण किती, आणि ते कुठे जाणार?" हा प्रश्न पाहून थोडं दडपण आलं, पण त्यांना भेटल्यावर ते गेलं. त्यांनी समोर बसवून हिशेब मांडला. ११ ग्रॅम मॅलाकाइट तयार होताना जवळजवळ १४ ग्रॅम सोडियम सल्फेट पाण्यात विरघळलेलं राहतं, म्हणजे मालापेक्षा मीठच जास्त. ते काढायचं तर पाणी लिटरांच्या मापात लागणार. मूळ पाणी (साका पडल्यावर वर राहिलेलं) आणि पहिली काही धुणी तांब्याच्या कचऱ्याच्या डब्यात. नंतरचीही परस्पर सांडायची नाहीत, साठवायची, निवळू द्यायची, तळाशी बसलेलं गाळून घ्यायचं आणि वरच्या पाण्यात तांबं उरलंय का ते त्यांच्याकडून तपासून घ्यायचं. गाळणकागदही कचऱ्यातच मोजायचे. त्यांनी सांगितल्याप्रमाणे डब्यांची संख्या, लेबलांचा मजकूर आणि जागा लिहून अर्ज पुन्हा दिला. मंजुरी एप्रिलच्या मध्यावर आली. तुम्ही अर्ज करणार असाल तर धुण्याच्या पाण्याचा आकडा पहिल्याच वेळी घाला.

मंजुरीची वाट बघत असताना रसायनांची मागणी नोंदवली. इथे एक सूचना. मॅलाकाइट ग्रीन नावाचा एक कृत्रिम सेंद्रिय रंग बाजारात असतो. त्यात तांबं नसतंच, आणि तो वेगळ्याच अर्थानं विषारी आहे. भांडारातल्या माणसानं माझ्या कामाचं नाव वाचून त्याचीच चौकशी सुरू केली होती. तुलनेसाठी तयार कॉपर कार्बोनेट मागवायचं असेल तरीही नावावर विसंबू नका. त्या नावानं मिळतं ते आम्लारिधर्मी कार्बोनेटच असतं, सीएएस क्रमांक (रसायनाचा स्वतंत्र ओळख-क्रमांक) १२०६९-६९-१. नुसतं उदासीन कॉपर कार्बोनेट प्रचंड दाबाखाली करावं लागतं आणि ते पहिल्यांदा हाती आलं १९७३ मध्ये. मागणीपत्रावर नावाशेजारी हा क्रमांक लिहिला की प्रश्न मिटतो. खर्चाचं म्हणाल, तर रसायनं सर्वांत स्वस्त पडली. पैसा गेला ऊर्ध्वपातित पाण्यावर, चांगल्या गाळणकागदांवर आणि सर्वांत जास्त क्ष-किरण तपासणीवर. अंदाजपत्रक करताना रसायनांपासून सुरुवात करण्याऐवजी तपासणीपासून करा.

मोठ्या मापाआधी परीक्षानळीत छोटी चाचणी घेतली, दोन्ही क्रमांनी. नुकत्याच पडलेल्या साक्यांत डोळ्यांना फारसा फरक दिसला नाही. तेवढ्यानं कळलं की रंगावरून निर्णय घ्यायचा नाही, तपासणीवर भरवसा ठेवायचा.

मुख्य प्रयोग एप्रिलअखेर. सोड्याचं द्रावण एक लिटरच्या चंचुपात्रात घेतलं. एकूण द्रव अर्ध्या लिटरहूनही कमी, पण फेसाला वर जागा हवी. चुंबकीय ढवळक सुरू करून मोरचुदाचं द्रावण ब्युरेटमधून सोडायला लागले. सुरुवातीच्या थेंबांना भोवतालचं पाणीही निळसर दिसलं, मग फिकट निळा, फुगीर साका भरू लागला. बुडबुडे उत्तरार्धात वाढले. सामू दर थोड्या वेळानं नोंदवत होते, आणि तो ८ च्या जवळ येऊन स्थिरावला तेव्हा मोठा धीर आला. वहीतला आकडा आणि काचेतला आकडा जुळणं यात फार सुख आहे.

तो निळा साका म्हणजे अजून मॅलाकाइट नव्हे. तो अस्फटिकी असतो, जॉर्जाइट या नावानं ओळखल्या जाणाऱ्या द्रव्यासारखा, आणि पाणी धरून बसतो. लगेच गाळायला घेतला तर गाळणकागद बुजतो. त्याला मूळ पाण्यातच वेळ द्यायचा असतो. ५० अंशांवर, मंद ढवळत ठेवला. बराच वेळ काही बदलत नाही असं वाटलं. मग निळा रंग कडेकडेनं हिरवट होत गेला, आणि नंतर मात्र बदल भराभर दिसला. भांडंभर फुगलेला साका आक्रसून तळाशी हिरवी, जड भुकटी बसली. मी तिथून हललेच नाही. कागदावर "स्फटिकीभवन" हा एक शब्द लिहिलेला होता, तो डोळ्यांसमोर घडत होता. ऊब काढून ते तसंच रात्रभर राहू दिलं. घाई असणाऱ्यांना एवढंच सांगते, ही पायरी वाचवाल तो वेळ पुढे गाळण्यात दुपटीनं द्याल.

मग धुणं. निवळ ओतायची, नवं ऊर्ध्वपातित पाणी घालायचं, ढवळायचं, बसू द्यायचं. ५०० मिलिलिटरमधलं ५० मिलिलिटर मागे राहिलं तर प्रत्येक धुण्याला मीठ एक दशांश होतं, म्हणजे तीन धुण्यांत हजारावा भाग. कागदावर इतकं सोपं. प्रत्यक्षात कणांना चिकटलेलं सल्फेट सहज सुटत नाही आणि धुणी वाढत जातात. थांबायचं कधी हे सल्फेट ओळखणाऱ्या बेरियम क्लोराइडच्या चाचणीनं ठरवलं. निवळीचा थोडा भाग परीक्षानळीत घ्यायचा, आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब घालायचे आणि मगच बेरियम क्लोराइड. आम्ल आधी घालणं महत्त्वाचं, कारण उरलेल्या कार्बोनेटमुळेही पांढरा साका येतो आणि तो सल्फेटचा समजून आपण धूतच राहतो. बेरियम क्लोराइड विषारी, त्यामुळे या नळ्यांचा कचरा वेगळा. ढगाळपणा येईनासा झाल्यावरच गाळलं. चित्रासाठीच्या द्रव्यात हा हट्ट हवाच. मीठ राहिलं तर फलकावर ओलाव्याबरोबर पांढरी लव उमटते आणि पुढचं सगळं निरीक्षण वाया जातं.

वाळवणं ६० अंशांच्या भट्टीत. कोरडं मॅलाकाइट २०० अंशांच्या पुढेच विघटित व्हायला लागतं, त्यामुळे इथे धोका कमी. वजन साडेदहा ग्रॅमच्या आसपास भरलं.

त्यानंतर घरच्या घरी म्हणता येईल अशी, म्हणजे त्याच प्रयोगशाळेत करता येणारी तपासणी. एक ग्रॅम द्रव्य मुशीत घालून वजन स्थिर होईपर्यंत तापवायचं. मॅलाकाइट असेल तर पाणी आणि कार्बन डायऑक्साइड जाऊन ०.७२ ग्रॅम काळं कॉपर ऑक्साइड उरायला हवं, म्हणजे २८ टक्के घट. अझुराइटची घट ३०.८ टक्के. माझी घट २८ च्या किंचित वर आली, थोडी ओल धरली तर नीट जुळणारी. दुसरा भाग सौम्य नायट्रिक आम्लात विरघळवला. भरपूर बुडबुडे आले, स्वच्छ निळं द्रावण झालं, आणि बेरियमच्या चाचणीत ते स्वच्छच राहिलं. म्हणजे आम्लारिधर्मी सल्फेट नजरेत येण्याइतकं नव्हतं.

क्ष-किरण विवर्तनासाठी, म्हणजे स्फटिकाच्या रचनेवरून द्रव्य ओळखण्याच्या तपासणीसाठी, मात्र दुसऱ्या संस्थेकडे नमुना पाठवावा लागला. तिथला अर्ज, शुल्क आगाऊ, नमुन्यात काय आहे याचं प्रतिज्ञापत्र, आणि मग रांग. यंत्र मध्येच दुरुस्तीला गेलं आणि मे महिना जवळजवळ सगळा वाट बघण्यात गेला. त्या काळात मी अस्वस्थ होते, कारण अहवालाशिवाय फलक सुरू करायचे नाहीत असं ठरलं होतं. अहवाल आला जूनच्या सुरुवातीला. तांब्याच्या क्ष-किरणांनी घेतलेल्या आलेखात १४.८, १७.६, २४.१ आणि ३१.२ अंशांजवळची मॅलाकाइटची शिखरं जागच्या जागी होती, अनोळखी शिखर एकही नव्हतं. नमुना पाठवताना अर्जात "अपेक्षित द्रव्य" आणि "शंका असलेली द्रव्यं" दोन्ही लिहा. तपासणाऱ्याला कुठे बारकाईनं बघायचं ते कळतं.

रंगाबद्दल प्रामाणिकपणे लिहायला हवं, कारण इथे अनेकांचा विरस होतो. प्रयोगशाळेतलं मॅलाकाइट दगडासारखं गर्द नसतं. ते फिकट, थोडं दुधी हिरवं असतं. कारण रासायनिक नाही, कणांच्या आकाराचं आहे. कण जितका बारीक तितका प्रकाश वरच्या वर विखुरतो आणि रंग फिका पडतो. खनिज दळून केलेल्या रंगद्रव्यातही असंच होतं. म्हणूनच जपानी चित्रकलेत एकाच खनिजाची भुकटी कणांच्या जाडीनुसार वेगवेगळ्या छटांत विकली जाते. आपला साका मुळातच बारीक कणांचा. खलून तो गडद होणार नाही, आणखी फिकाच होईल. मी म्हणूनच फक्त ढेकळं मोडण्यापुरतं, पाण्यात, हलक्या हातानं खललं. गर्द छटा हवी असेल तर दळलेलं खनिज घ्यावं हे माझं स्पष्ट मत आहे. घटकांची खात्री हवी असेल तर मात्र हे सगळे कष्ट वाजवी आहेत.

सूक्ष्मदर्शकाखाली फरक आणखी स्वच्छ दिसतो. दळलेल्या दगडाचे कण कोनदार, तुटलेल्या काचेसारखे. माझे कण गोलसर, मधून बाहेर पसरणाऱ्या तंतूंचे. जुन्या चित्रात हिरवा रंग सापडला तर तो खाणीतला की बनवलेला हे ठरवायला हा आकारच उपयोगी पडतो. माझ्या मूळ कामासाठी ही छायाचित्रं अहवालाइतकीच मोलाची ठरली.

पहिला फलक डिंकाच्या पाण्यात केला. बारीक कणांना बंधक जास्त लागतं, म्हणून डिंक थोडा थोडा वाढवत वेगवेगळ्या पट्ट्या काढल्या. तेलातले फलक वेगळे ठेवलेत, कारण तेलातल्या मेदाम्लांशी तांबं हळूहळू क्रिया करतं आणि ते निरीक्षण लांब पल्ल्याचं आहे.

शेवटी कचरा. मूळ पाणी, साठवलेली धुणी, गाळणकागद, बेरियमच्या नळ्या, सगळं लेबल लावून सुरक्षा अधिकाऱ्यांकडे सुपूर्द केलं. त्यांनी वरच्या पाण्याची तांब्याची तपासणी केली आणि मंजुरीच्या कागदावर काम पूर्ण झाल्याची सही दिली. ती सही झाल्याशिवाय प्रयोगशाळेकडे भरलेली अनामत परत मिळत नाही, तेव्हा डबे देण्याची तारीख प्रयोगाच्या तारखेबरोबरच नोंदवून ठेवा. बाटलीच्या लेबलवर मी नाव, करण्याची तारीख, ओतण्याचा क्रम, शेवटचा सामू, ऊब किती आणि किती वेळ, आणि विवर्तन-अहवालाचा क्रमांक एवढं लिहिलं आहे. अझुराइटचा आराखडाही त्याच वहीत पुढच्या पानापासून सुरू केला. त्यात पहिली नोंद कॉपर नायट्रेटची आहे: ते ज्वलनाला मदत करणारं रसायन असल्यानं कागद, कापूस आणि सेंद्रिय द्रवांपासून वेगळं साठवावं लागतं, आणि त्या जागेची मागणी आत्ताच करून ठेवली आहे.